डब्यातल्या नऊ गोळ्या

कमलअक्काच्या घरात देव्हाऱ्याच्या खालोखाल कशाला मान असेल, तर तो एका पत्र्याच्या डब्याला. कधीकाळी त्यात बिस्किटं होती. आता त्यात गोळ्या होत्या, उरलेल्या.

भडगावच्या अलीकडे, गिरणेच्या काठाला तिचं गाव. घरात कुणाला ताप आला, घसा धरला, फोड पिकला की डॉक्टर पाच दिवसांच्या गोळ्या द्यायचा आणि दोन दिवसांत माणूस उठून कामाला लागायचं. बरं वाटल्यावरही गोळी गिळत राहणं म्हणजे अक्काच्या मते निव्वळ उधळपट्टी. मग उरलेल्या तीन दिवसांच्या गोळ्या डब्यात जायच्या, आणि गल्लीत कुणाचं पोर फणफणलं की डबा उघडायचा. "अक्का, तुमनाजोडे तापनी गोई शे का?" असं म्हणत शेजारची रत्ना दारात आली की अक्का चष्मा न लावता, नुसत्या रंगावरून गोळी काढायची. पांढरी लांबट घशाची, लाल-पिवळी फोडाची, आणि कशानेच गुण येत नसेल त्याला गुलाबी. पिंप्राळ्याच्या नणंदेलासुद्धा एसटीने येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पुडी जायची. यात अक्काचा काही वाईट हेतू होता असं म्हणेल त्याची जीभ झडो. तिच्यासारखी जीव लावणारी बाई त्या गल्लीत दुसरी नव्हती.

तिचा एक नेम होता, आईकडून आलेला. कोणतंही भांडं पुरतं रिकामं करायचं नाही. कणगीतून दाणे काढले तरी तळाला मूठभर ठेवायचे, मिठाच्या बरणीत चिमूटभर, डब्यातही दोन गोळ्या. रिकामं भांडं घरात असू नये आणि रिकामं ताट कुणाच्या पुढ्यात येऊ नये. नेम साधा होता, आणि त्याच नेमाने तिचा पाय जायची वेळ आणली.

झालं असं. तीन वर्षांपूर्वी जळगावला अक्काचा उजवा गुडघा बदलला होता. सुरेख बसला होता. पिंप्राळ्याला नणंदेकडे महिनाभर राहून ती गावी आली आणि श्रावणात कानबाईला डोक्यावर घेऊन नदीपर्यंत चालत गेली. नारळाची देवी, साडीचोळी नेसवलेली, डोक्यावर. पुढे डफ, मागे सगळे भाऊबंद. जिना चढायला रडणारी बाई नदीवर नाचली म्हणून गावाने तोंडात बोटं घातली.

मग मागच्या कापूस वेचणीला तिच्या पायात बाभळीचा काटा मोडला. टाच पिकली. डब्यातल्या लाल-पिवळ्या चार गोळ्यांनी पू बसला, अक्का खूश. पंधरा दिवसांनी गुडघा सुजून लाल झाला. पुन्हा डबा, पुन्हा चार गोळ्या, पुन्हा उतार. असं होळीपर्यंत चाललं. शेवटी गुडघ्याखाली तिळाएवढं छिद्र पडलं आणि त्यातून दिवसरात्र पाणी झिरपायला लागलं. तेव्हा तिचा नवरा पंडितनाना, जो एरवी बायकोच्या डॉक्टरकीत तोंड घालत नसे, त्याने गाडी केली आणि तिला धुळ्याला मोठ्या इस्पितळात आणलं. लेक रूपा आणि जावई नवल धुळ्यातच देवपूरला राहत होते, ती सोय होती.

हाडांच्या डॉक्टरांनी गुडघ्यातलं पाणी काढून तपासायला दिलं आणि फिरवून न सांगता सांगितलं, की जंतू सांध्यापर्यंत पोचलेत, आणि ते आवरले नाहीत तर मांडीपासून पाय काढावा लागेल.

"डॉक्टर, मना पाय ऱ्हाई का जाई, तितलंच सांगा," अक्का म्हणाली.

"तपासणी येऊ द्या. मग सांगतो."

त्यानंतरचे चार दिवस अक्का येणाऱ्या प्रत्येक पांढऱ्या कोटाला तेच विचारत राहिली.

पाचव्या दिवशी खाटेजवळ एक बाई आली. पस्तिशीची, केस घट्ट बांधलेले, हातात झाकणाची काचेसारखी ताटली. तिचं नाव डॉक्टर सुलक्षणा. इस्पितळाच्या तळघरातल्या प्रयोगशाळेत जंतू ओळखायचं काम तिचं. असल्या डॉक्टर सहसा रुग्णाच्या खाटेशी येत नाहीत, ही आली.

"मावशी, तुम्हाला एक दाखवायचंय. आणि विचारायचंयसुद्धा."

ताटलीत खळीसारखा पिवळसर थर होता. त्यावर दुधावर साय धरावी तसा पांढुरका पापुद्रा, आणि त्यात टिकलीएवढ्या कागदाच्या चकत्या गोलाकार ठेवलेल्या. एकेका चकतीत एकेक औषध, सुलक्षणाने सांगितलं. जे औषध या जंतूंना मारतं त्याच्या भोवती जंतू उगवत नाहीत, स्वच्छ गोल राहतो. मग तिने शेजारी दुसरी ताटली धरली, दुसऱ्या कुणाच्या जंतूंची. त्या ताटलीत जवळजवळ प्रत्येक टिकलीभोवती गोल होता, दारातल्या रांगोळीसारखा. अक्काच्या ताटलीत पापुद्रा थेट टिकल्यांना जाऊन भिडला होता. काही टिकल्यांवर तर चढायच्या बेतात होता. चौदा टिकल्यांपैकी दोघींभोवतीच काय ती मोकळी जागा होती.

अक्काने चष्मा लावला. काढून पदराने पुसला, पुन्हा लावला. आपल्या पायातलं काहीतरी, आपल्या रक्ताच्या उबेत राहणारं, बाहेर एका ताटलीत बसून बारा औषधं पचवतंय हे तिला दिसत होतं आणि पटत नव्हतं. तिला स्वतःला साधी तुरीची डाळ पचत नसे. तिने नकळत हात जोडले.

"मावशी, जंतूंना नमस्कार?"

"बारा औषधं खाईन जित्ता शेतस ते," अक्का म्हणाली. "कोन म्हनानं यासले?"

सुलक्षणा हसली नाही. खाटेच्या कडेला बसली. "मला कळलं तेवढं सांगते. एक जंतू अर्ध्या तासात दोन होतो. सकाळी एक असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी कोट्यवधी. झाडं नव्हती, प्राणी नव्हते, तेव्हा हे पृथ्वीवर होते. आणि आपली औषधं तरी कुठून आली? त्यातली कितीतरी मातीतल्याच जंतूंची. ते एकमेकांना हटवायला करतात, आपण त्यांच्याकडून शिकलो. तुमच्या पाण्याच्या ताटलीत ही जी टिकली चालतेय ना, हे औषधसुद्धा मातीतल्या एका जंतूनेच पहिल्यांदा केलं. शेताला पाणी भरताना वास येतो, तोसुद्धा अशाच जंतूंचा."

चाळीस वर्षं ज्या मातीत अक्का अनवाणी फिरली, जिथे काटा मोडला, तिथेच मारणारं आणि तारणारं दोन्ही पायाखाली होतं. तिने पाय पांघरुणात ओढून घेतले, जणू आजपर्यंत आपण कुणाला तरी तुडवत आलो अशी तिला लाज वाटली.

"आता विचारायचं ते," सुलक्षणा म्हणाली. "इतके तयारीचे जंतू एका दिवसात होत नाहीत. मावशी, तुम्ही कोणकोणती औषधं घेतलीत?"

दुसऱ्या दिवशी नानांनी गावाहून डबा आणला. सुलक्षणाने एकेक पट्टी काढून टेबलावर मांडली. टेबल भरलं, मग शेजारची खुर्ची भरली. तिने नावं वाचत वाचत मान हलवली आणि मग अगदी सावकाश, शाळेत सांगावं तसं सांगितलं. दोन दिवसांच्या औषधाने दुबळे जंतू मरतात. पाच दिवसांचं का देतात, तर मागे उरलेले चिवट मारायला. दोन दिवसांवर थांबलं की नेमके चिवट तेवढे मागे राहतात, आणि पुढची सगळी पैदास त्यांची.

"मूठभर," अक्का पुटपुटली.

"काय म्हणालात?"

"काही नही."

तिने डबा सुलक्षणाच्या हवाली केला, सगळ्यांसमोर, कानाला हात लावून. पण डबा देताना जुन्या सवयीच्या बोटांनी आपलं काम केलं. गुलाबी गोळ्यांची एक पट्टी, दहातली नऊ उरलेली, तिच्या कनवटीला गेली. तिला स्वतःलाही ते नीटसं कळलं नाही. पुरतं रिकामं कसं करायचं?

इलाज काय, तो हाडांच्या डॉक्टरांनी सांगितला. गुडघ्यातला सांधा काढायचा. आतली जागा खरवडून धुवायची. तिथे औषध कालवलेल्या सिमेंटचा तात्पुरता गुडघा बसवायचा, त्यातून औषध आतल्या आत पाझरत राहील. वर सहा आठवडे शिरेतून इंजेक्शनं. मग पुन्हा तपासणी, आणि आत काही नाही अशी खात्री झाली तरच नवा सांधा. "तोपर्यंत पायावर भार नाही. आणि नवा बसवताना आत काही शिल्लक असेल, तर मग माझ्या हातात काही राहणार नाही. पाय जाईल."

"एवढं उघडायचंच कशाला?" रूपाने विचारलं. "इंजेक्शनंच द्या की जोरदार."

सुलक्षणा समजावू लागली, की जंतू धातूवर बसले की चिकट थर करून त्याच्या आत राहतात, औषध वरून वाहून जातं. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत पंडितनाना उठून उभे राहिले. नानांची बारा एकर केळी ठिबकवर, आणि साऱ्या गावाच्या नळ्या तुंबल्या की लोक त्यांनाच बोलवत.

"हाऊ ते आपला नयीमझारला चिकटा शे," नाना म्हणाले. धुळ्याला आल्यापासून त्यांचा चेहरा पहिल्यांदा उजळला होता. नळीत आतून बुळबुळीत चिकटा धरतो, त्यांनी सांगितलं. कोवळा असेल तर ॲसिड सोडून धुऊन निघतो. एकदा का जून झाला की नळी उपटायची. आणि नवी नळी लगेच जोडायची नाही. आधी पाठीमागची मोठी लाइन ॲसिडने धुवायची, टोकाचं बूच काढून पाणी ओंजळीत धरून बघायचं, मगच नवी. घाई केली तर आठ दिवसांत नवीही गेली.

सुलक्षणा त्यांच्याकडे बघत राहिली. "नाना, हे शिकवायला मला दोन तास लागतात."

"बठ्ठं, आख्खं काढनं पडी," नाना अक्काकडे वळून म्हणाले, आणि बाकी कुणाचं नाही तरी ठिबकच्या बाबतीत नवऱ्याचं ऐकायचं हे अक्काला चाळीस वर्षांत कळलं होतं. तिने मान डोलावली.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी शस्त्रक्रिया झाली. त्यानंतरच्या आठवड्यात अक्काने हट्टच धरला, माझा जुना गुडघा मला बघू द्या. चाकाच्या खुर्चीतून तिला तळघरात नेलं. सांधा पिशवीतल्या पाण्यात होता. लखलखीत. तीन वर्षं आत राहून आलेल्या त्या धातूत तिला स्वतःचं नाक दिसलं. एक डाग नाही, एक ओरखडा नाही. याच्यावर काय बसलंय, असं तिने विचारलं. सुलक्षणाने पिशवी पाण्याच्या एका पेटीत ठेवून बटण दाबलं. पेटीतून आवाज सोडतात, तिने सांगितलं, माणसाच्या कानाला ऐकू न येणारा, त्याने धातूवरचा चिकटा सुटून पाण्यात उतरतो. अक्का ऐकत बसली. बारीक गुणगुण तेवढी येत होती, खरा आवाज त्याच्या पलीकडे होता. मग शस्त्रक्रियेच्याच दिवशी असंच सुटवून घेतलेल्या पाण्याचा एक थेंब टाकलेली ताटली तिला दाखवली. ताटलीत राजगिऱ्याची पोतीच सांडली होती. एका थेंबातून. अक्का बराच वेळ कधी धातूकडे, कधी ताटलीकडे बघत राहिली. डोळ्यांना दिसतं त्यावर तिचा जन्मभर भरवसा होता, तो त्या दुपारी ढिला झाला.

मग सहा आठवडे. देवपूरला रूपाच्या घरी खिडकीपाशी खाट. रोज नर्स यायची, बाटली लावायची. सिमेंटचा गुडघा वाकत नव्हता, पाय काठीसारखा पुढे. अक्का भाजी निवडायची, शेंगा फोडायची, येणाऱ्याजाणाऱ्याला औषध कसं पुरं खावं यावर प्रवचन द्यायची. छिद्र सुकलं. सूज गेली. मनात एकच धरलं होतं: कानबाईला उभं राहायचं.

सहा आठवडे सरले आणि डॉक्टरांनी औषध बंद केलं. दोन आठवडे काहीही घ्यायचं नाही, एक गोळीसुद्धा नाही. मग पुन्हा गुडघ्यातलं पाणी काढून ताटलीवर टाकायचं. का, ते सांगितलं होतं, पण तिच्या नीट ध्यानात आलं नव्हतं. अक्का हो म्हणाली होती. पण हो म्हणणं वेगळं आणि बिनऔषधाचं घरात बसणं वेगळं. रोज बाटली लागत होती तोवर तिला धीर होता. आता खिडकीत बसल्या बसल्या ती हिशेब करायची. अर्ध्या तासाला दोन. जेवण होईस्तोवर चार. नवल ऑफिसातून येईपर्यंत किती, ते तिच्या आवाक्याबाहेरचं होतं. दहाव्या दिवशी तिला गुडघा गरम लागला. लागला की वाटला, कोण सांगणार? तिची पाचावर धारण बसली. शस्त्रक्रियेपुरती पिशवीत ठेवलेली गुलाबी पट्टी पुन्हा कनवटीला आली होती, तिने ती चाचपली.

सकाळी एक, संध्याकाळी एक. चौदाव्या दिवशी सकाळी, पाणी काढायला निघण्याआधी, नववी. पट्टी तिने चुरगळून केराच्या टोपलीत साली-देठांखाली दडपली. आयुष्यात पहिल्यांदा तिने औषधाची पट्टी शेवटपर्यंत संपवली होती, आणि तीही नेमकी नको तेव्हा.

ताटल्या चौदा दिवस ठेवतात, कारण काही जंतू लपून राहतात आणि उशिरा उगवतात. पंधराव्या दिवशी रूपाचा फोन वाजला. सुलक्षणाचा होता. सगळ्या ताटल्या कोऱ्या. काही उगवलं नाही. गुरुवारी नवा सांधा बसवू.

रूपा रडली. नवल पेढे घेऊन आला. नाना गावाहून आले होते, त्यांनी तर जावयाला समोर बसवून सगळं पुन्हा समजावलं, हातवारे करून. "आते देख, दोन हप्ता औषध बंद काब्रं ठेवं? आपन नयीमा ॲसिड चालू ऱ्हास तवय टोकनं पानी देखतस का? नही. तवय ते काचनामायक सोच्छ दिसनारच. ॲसिड बंद करो, साधं पानी सोडो, मंग ओंजयमा धरो. तवय खरं कयस."

अक्काच्या हातातला पेढा हातातच राहिला.

तिला आतापर्यंत इतकंच वाटत होतं, की गोळ्या खाल्ल्या ते सांगितल्याबाहेरचं केलं. चोरून साखर खावी तसं. नानांच्या तोंडून ॲसिड आणि पाणी ऐकलं आणि तिने पेढा परत खोक्यात ठेवला. ताटली कोरी होती, पण नळीत ॲसिड असताना. त्या कोऱ्या ताटलीला आता काही अर्थ नव्हता. आत एक मूठ उरली असेल, तर गुरुवारी तिच्यावरच नवा सांधा बसणार होता.

आणि सांगितलं तर? पुन्हा दोन आठवडे, पुन्हा चौदा दिवस. श्रावण लागेल. कानबाई येऊन जाईल. घरादारासमोर कानाला हात लावून डबा दिलेल्या बाईने पट्टी चोरली, हे साऱ्यांना कळेल. आणि मुळात आत काही नसेलही. बारा औषधांना न जुमानणाऱ्यांना एक गुलाबी गोळी काय करणार? हे सगळं तिने स्वतःला सांगून पाहिलं. चांगलं वाटलं, अर्धी घटका. मग तिला तो लखलखीत धातू आठवला, ज्याच्यावर एक डागसुद्धा नव्हता.

"समाधानना बाप," ती म्हणाली. थोरल्या लेकाच्या नावाने ती नानांना हाक मारायची, पण इतक्या हळू कधी नाही. "मी गोया खाद्यात."

"कोनत्या?"

"डबामझारल्या. नऊ. पानी काढं त्या दिनपावत."

नानांनी हातवारे करणारे हात मांडीवर ठेवले. नवल पेढ्याच्या खोक्याकडे बघायला लागला. रूपा म्हणाली, "आई?"

"तुले कोनी सांगं व्हतं?" नाना म्हणाले.

"कोनीच नही. माले भीती वाटनी."

नाना उठून बाहेर गेले, तुळशीच्या कुंडीपाशी उभे राहिले. अक्काला वाटलं आता ते दोन दिवस बोलायचे नाहीत. पण ते परत आले ते रिक्षा घेऊनच.

प्रयोगशाळेत अक्काने सगळं सांगितलं, कनवटीपासून केराच्या टोपलीपर्यंत. काही लपवलं नाही. मग मान खाली घालून बोलणी खायची वाट बघत बसली. सुलक्षणाने लिहायचं थांबवलं. पेन बाजूला ठेवलं.

"मावशी," ती म्हणाली, "या खोलीत इतकी यंत्रं आहेत. चिकटा आवाजाने झाडून काढतो आम्ही. पण हे तुम्ही सांगितलं नसतं, तर मला कशानेही कळलं नसतं. त्या कोऱ्या ताटलीवर मी सही केली होती."

तिने कागद ओढला आणि आपल्या सहीवर काट मारली. गुरुवार रद्द झाला.

या खेपेला दोन आठवडे कसे गेले ते अक्कालाच ठाऊक. गुडघा तिला रोज गरम लागायचा आणि रोज ती रूपाला म्हणायची, हात लाव. रूपा हात लावून म्हणायची, गार आहे. नाना गावी परतलेच नाहीत, केळी समाधानवर टाकून खाटेशेजारी बसून राहिले. राखण कशाची, ते दोघांनाही माहीत होतं. कनवट रिकामी होती. ती पहिल्यांदाच रिकामी होती आणि हात सारखा तिकडे जायचा. पाणी काढलं. ताटल्या पुन्हा उबेच्या कपाटात गेल्या. पाचव्या दिवशी फोन नाही, सातव्या दिवशी नाही. काही उगवलं तर त्या दिवशीच कळवीन, असं सुलक्षणाने सांगितलं होतं, त्यामुळे फोन वाजला की अक्का कान झाकून घ्यायची. एकदा तर गॅस सिलिंडरवाल्याच्या फोनने ती रडकुंडीला आली.

चौदावा दिवस सोमवारी पडला. त्याच सोमवारी गावात कानबाईला निरोप होता. सकाळी समाधानने गावाहून मोबाइलवर दाखवलं: यंदा देवी सून मयुरीच्या डोक्यावर होती, पुढे डफ, गुलाल, गिरणेकडे निघालेली गल्ली, आणि त्यात रत्ना सगळ्यात पुढे नाचत होती. अक्काने मोबाइललाच हात जोडले. मग रिक्षा बोलवायला सांगून ती इस्पितळाच्या तळघरात गेली. ऐकायचं नव्हतं तिला. बघायचं होतं.

सुलक्षणाने कपाट उघडून पाच ताटल्या काढल्या आणि त्यातली एक, झाकणासकट, अक्काच्या हातात दिली.

तांबूस, गुळगुळीत, सारवून वाळलेल्या अंगणासारखी. अक्काने ती तिरपी केली. एक कण नाही. उजेडाकडे नेली, पुन्हा जवळ आणली. जिथे एका थेंबातून राजगिऱ्याची पोती सांडली होती, जिथे बारा औषधं हरली होती, तिथे काही नव्हतं. इतकं काही नसणं तिने जन्मात पाहिलं नव्हतं. एवढी प्राचीन, एवढी चिवट, मोजता न येणारी ती जात, आणि मातीतल्याच कुणीतरी केलेल्या औषधाने, एका सिमेंटच्या गोळ्याने आणि सहा आठवड्यांच्या बाटल्यांनी तिच्या गुडघ्यातून तळाच्या मुठीसकट निघून गेली होती. रिकामं ताट कुणाच्या पुढ्यात येऊ नये अशा घरात ती वाढली होती. आता तसलंच एक मांडीवर घेऊन बसली होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचं तिला भानही नव्हतं.

"बाकीन्या बी दखाड," ती म्हणाली.

पाचही बघितल्या. एकही टाळली नाही.

"शुक्रवारी नवा सांधा," सुलक्षणा म्हणाली. "पुढच्या कानबाईला चालत जा."

नाना इतका वेळ दाराशी उभे होते. ते पुढे आले, खाली वाकले आणि बायकोच्या कानाशी हळूच विचारलं, "आते ते काही खादं नही ना?"

"नही."

नानांनी तिच्या हातून ताटली घेतली. टोकाचं बूच काढून ओंजळीत पाणी धरावं तशी दोन्ही हातांत धरली, उजेडाकडे नेली, आणि बराच वेळ परत दिलीच नाही.